पोथीनं उठवलेली रिशिल्द

मठाच्या मोठ्या दारासमोर, मेणबत्त्यावाल्यांच्या रांगेच्या टोकाला, रिशिल्दचं वाटाण्याच्या कढणाचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक चूल, एक हंडा आणि डुकराच्या चरबीचा वास. कढण बरं असायचं, फार काही नाही. पण यात्रेकरू बाकीचे सगळे सोडून तिच्याकडे यायचे, कारण सँ-देनी गावात पोथीनं उठवलेली बाई एकच होती, आणि ती ही.

गोष्ट गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ होती. रिशिल्द लहानपणी तापानं पडली. ताप गेला आणि जाताना दोन्ही पाय घेऊन गेला. बाप तिला पाठंगुळी घेऊन हिंडायचा. मग एका वर्षी, संत देनीच्या सणाच्या आदल्या दिवशी, संतानं स्वतःच्या हातानं लिहिलेली ग्रीक पोथी चांदीच्या पेटीतून बाहेर आणली, पेटी तिच्या पायांवर ठेवली आणि लग्नाच्या वयाची रिशिल्द उठून उभी राहिली. पहिली काही वर्षं ती सांगायची, भिंतीला धरून कशीबशी उभी राहिले. लग्न झालं तेव्हा गोष्टीतून भिंत गेली. मुलगा झाला तेव्हा ती चार पावलं चालली. अलीकडे तर ती थेट वेदीपर्यंत धावत जायला लागली होती. त्यात तिचा दोष नाही. लोक वाडगं पुढे धरून "मग? मग काय झालं?" म्हणायला लागले की कोणाचीही जीभ सैल सुटते.

पोथीनं उठवलं म्हणून ती संताची झाली होती. आमच्याकडे तशी रीत आहे. संतानं ज्याला बरं केलं तो दर वर्षी सणाला गळ्यात घंटेचा दोर अडकवून येतो, उघड्या डोक्यावर चार नाणी ठेवतो, आणि वेदीची चीजवस्तू सांभाळणारा संन्यासी ती नाणी उचलून घेतो. याचा अर्थ, हे डोकं आता संताचं. बाई असली तर तिच्या पोटची पोरंही संताची. ज्या संतानं स्वतःचं तोडलेलं डोकं हातात धरून टेकडीवरून इथवर चालत यावं, त्याचा लोकांच्या डोक्यांवर हक्क असायचाच, असं आमचं म्हणणं.

रिशिल्दचा मुलगा आन्सो असाच संताचा. नवरा लवकर गेला, मुलगा मठात गेला, शिकला, संन्यासी झाला, ग्रीक अक्षरं लावायला लागला. आईला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण "माझा आन्सो ती पोथी वाचतो" हे वाक्य ती कढणाच्या प्रत्येक वाडग्याबरोबर फुकट द्यायची.

त्या वर्षी द्राक्षांची तोडणी उरकत आली होती आणि सण तोंडावर आला होता. एका सकाळी शेजारची पेरोनेल धापा टाकत आली. पेरोनेल मेणबत्त्या विकायची आणि बातम्या वाटायची.

"अगं रिशिल्द, डाव ठेव खाली. तुझ्या आन्सोला कोंडलंय."

"कुणी?"

"कुणी म्हणजे? मठानं! सगळे जेवायला बसलेले, वाचन चाललेलं, आणि यानं तोंड उघडलं. म्हणाला, पोथी लिहिणारा तो अथेन्सचा ग्रीक वेगळा आणि मठाच्या तळघरात थडग्यात झोपलाय तो आपला संत वेगळा. बरं, एवढ्यावर थांबेल तर तुझा मुलगा कसला! पुढे म्हणाला, त्या ग्रीकानंही लिहिली नसेल. मागाहून दुसऱ्याच कुणीतरी लिहून त्याचं नाव लावलं असेल."

"जेवताना बोलला?"

"जेवताना. तुला एवढंच सुचतंय होय?"

"घास तोंडात असताना बोलायची खोडच आहे त्याला," रिशिल्द म्हणाली आणि डाव खाली ठेवून चुलीशेजारी बसली.

पुढचं पेरोनेलनं आवाज उतरवून सांगितलं. राजा लढाईला निघतो तेव्हा निशाण आमच्या संताच्या वेदीवरून उचलतो. संताबद्दल शंका म्हणजे निशाणाबद्दल शंका, आणि ती राजापर्यंत पोचायला किती वेळ लागतो? मठाधिपतींनी राजाच्या कारभाऱ्याला सणाचं बोलावणं धाडलं होतं. सणाच्या दिवशी आन्सोनं सगळ्यांसमोर पोथीचं चुंबन घेऊन "ही आमच्या संतानंच लिहिली" एवढं म्हटलं तर सुटला. नाही म्हटलं तर तिथल्या तिथे कारभाऱ्याच्या हवाली. आणि कारभाऱ्याच्या तळघरातून जे बाहेर येत, त्यांना ओळखायला आईला बोलवावं लागे.

दुपारी ब्रदर गोतिए स्वतः दुकानाशी आले. वेदीची चीजवस्तू सांभाळणारे ते हेच. आता म्हातारे झाले होते, चार पावलं चालले की थांबून दम घ्यायचे.

"मठाधिपती फादरनी सांगितलंय," ते म्हणाले, "या वर्षी तू नुसतं सांगायचं नाहीस. वेदीपुढे निजायचं. आम्ही पेटी तुझ्या पायांवर ठेवू. तू उठशील. आन्सो समोर असेल. आईला उठताना बघितल्यावर नाही म्हणायची त्याची काय बिशाद?"

रिशिल्दनं त्यांच्याकडे बघितलं. ते हंड्याकडे बघत होते. इतक्या वर्षांत त्यांनी तिच्या नजरेला नजर दिली नव्हती. दर सणाला ते तिच्या डोक्यावरची नाणी उचलायचे, तेव्हा त्यांची नजर तिच्या कपाळाच्या वर कुठेतरी असे.

याचं कारण त्या दोघांनाच माहीत होतं, आणि दोघंही मूग गिळून बसले होते. रिशिल्द उठली त्या दिवशी पेटीत पोथी नव्हतीच. पोथीची शिवण उसवली म्हणून ती पॅरिसला बांधणाऱ्याकडे गेली होती आणि सणाआधी परत यायची ती आली नव्हती. तेव्हाचे मठाधिपती परगावी. दाराबाहेर पांगळी, आंधळी, फेफरं येणारी माणसं पहाटेपासून ताटकळत बसलेली. गोतिए नवे होते, तरुण होते. "पोथी नाही, घरी जा" हे त्या माणसांना सांगायची त्यांची छाती झाली नाही. त्यांनी रिकामी पेटी उचलली आणि बाहेर आले.

रिशिल्दच्या पायांवर पेटी ठेवली तेव्हा गर्दीचा रेटा आला, कडी निसटली आणि झाकण उघडलं. खाली निजलेल्या पोरीला तेवढं आतलं दिसलं. आत तांबडं कापड होतं. बाकी काही नव्हतं. तिनं मान वर केली तर गोतिएंचा चेहरा दिसला. मागच्या माणसांनी जरा मान उंच केली असती तर त्यांनी गोतिएंना तिथेच फाडून खाल्लं असतं, आणि ते त्या चेहऱ्याला कळलं होतं. मेला बिचारा आता, असं तिच्या मनात आलं. तिला त्याची इतकी दया आली की तिनं झाकण दाबून बंद केलं, पेटी बाजूला सारली आणि ती उठली.

कशी उठली? पाय आधीच परत आले होते आणि तिला पत्ता नव्हता? की संताला पोथीची गरजच नव्हती? तिनं स्वतःला कितीदा विचारलं. धुणं धुताना विचारलं, बाळंतपणात विचारलं, नवऱ्याला पुरताना विचारलं.  आणि विचारण्यासारखं दुसरं माणूस एकच होतं, ते तिच्याकडे बघत नव्हतं.

"निजते," ती गोतिएंना म्हणाली. "पण आधी मला पोराला भेटू द्या."

आन्सोची कोठडी भांडारघरामागे होती. दाराला हातभर झरोका. रिशिल्दनं त्यातून कढणाचं वाडगं आत सरकवलं आणि पोरानं ते दोन्ही हातांनी घेतलं. दाढी वाढली होती, डोळे खोल गेले होते, पण भूक शाबूत होती. तेवढ्यानंच तिला रडू यायला लागलं.

"आई, चरबी जास्त झाली."

"तुझ्या अंगात जास्त झालीय. गपचूप चुंबन घे आणि मोकळा हो. पोथीला ओठ लावायला तुझं काय जातंय?"

"ओठ लावायला काही नाही. बोलायला जातं. खोटं आहे ते."

"तो लिहीत होता तेव्हा तू होतास का तिथे?"

"नव्हतो. तेही नव्हते!" तो हसला, मग झरोक्याशी आला. "ऐक आई. त्या पोथीत काय आहे माहितीय? त्यात म्हटलंय, देवाला चांगला म्हणा, मोठा म्हणा, उजेड म्हणा, सगळं तोकडं पडतं. शेवटी सगळी नावं खाली ठेवायची आणि अंधारात गप्प उभं राहायचं. असं लिहिणाऱ्यानं स्वतःचंही नाव खाली ठेवलं असेल तर त्यात त्याची निंदा कुठे झाली? मला तर तो त्यामुळे जास्तच आवडायला लागलाय. आणि हे मला सांगतात, नाव घे नाहीतर मर."

रिशिल्दला निम्मं कळलं. मर हा शब्द मात्र पुरता कळला.

"मग मी काय करू?" ती म्हणाली. "मी एकटी काय करू, सांग की. वाटाणे शिजवू?"

त्यानं वाडगं चाटूनपुसून झरोक्यात ठेवलं. मग म्हणाला, "तुला उभं कुणी केलं, आई? खरं सांग. मी यात्रेकरू नाही."

शब्द अगदी ओठांवर आले. पण पेटी रिकामी होती म्हटलं तर हा कशाला चुंबन घेतो? आधीच हट्टी, वर आपणच हातात काठी द्यायची.

"संतानं," ती म्हणाली.

"पोथीतून?"

"नाही, कढणातून!"

तो पुन्हा हसला. रिकामं वाडगं घेऊन ती घरी आली. पोराशी आपण खोटं बोललो हे दोन दिवस तिच्या डोक्यातून गेलं नाही.

सणाच्या दिवशी भर दुपारी मंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. रिशिल्द गळ्यात दोर अडकवून, उघड्या डोक्यावर नाणी ठेवून वेदीपुढे आली. गोतिएंनी नाणी उचलली. एका बाजूला मठाधिपती, दुसऱ्या बाजूला राजाचा कारभारी आणि त्याची दोन माणसं, मध्ये हात बांधलेला आन्सो. पेरोनेल पुढच्या रांगेत कोपरानं जागा करून उभी होती.

रिशिल्द फरशीवर निजली. दगडाचा गारवा पाठीतून पोटापर्यंत गेला. गोतिएंनी पेटी तिच्या पायांवर ठेवली, आणि ती दचकली. पेटी जड होती.

"याच पोथीनं हिला उठवलं," मठाधिपतींचा आवाज घुमला. "आज तुम्ही डोळ्यांनी बघा. ऊठ, बाई!"

उठायचंच ठरवून ती आली होती. पण उठण्याआधी तिनं आन्सोकडे बघितलं. त्यानं तिच्याकडे बघून अगदी हळू, नकारार्थी मान हलवली. राग नव्हता त्यात. लहानपणी शेजारणीची माफी मागायला नेला होता तेव्हा तो असाच बघत होता, आणि माफी मागितली नव्हती. तिला कळून चुकलं. ती उठली काय, नाचली काय, हा चुंबन घेणार नाही. ती उठली की मठाधिपती त्याच्याकडे वळणार, तो नाही म्हणणार, आणि ती दोन माणसं त्याला घेऊन जाणार. ती जोवर निजलेली आहे तोवरच तो इथे आहे.

रिशिल्द उठली नाही.

"ऊठ," मठाधिपती पुन्हा म्हणाले.

ती तशीच पडून राहिली. पुढच्या रांगेत कुजबुज सुरू झाली, ती मागे पसरत गेली. "उठत नाही!" "पोथी पायांवर आहे, तरी उठत नाही!" कुणीतरी मोठ्यानं रडू लागलं. राजाच्या कारभाऱ्यानं एक भुवई वर केली. मठाधिपतींच्या तोंडचं पाणी पळालं. ते तिच्यावर वाकले, आशीर्वाद द्यायला वाकावं तसे.

"काय चालवलंयस हे? ऊठ."

"उठवत नाही, फादर."

"पोथी आहे पायांवर!"

"तेच तर. तेव्हा नव्हती." तिचा आवाज तिच्याच कानांना परका वाटला. "तेव्हा पेटी रिकामी होती. ब्रदर गोतिएंना विचारा. रिकाम्या पेटीखाली उठले, भरलेल्याखाली पडून आहे. हे मोठ्यानं सांगू, की हळू पुरे?"

मठाधिपतींनी मान वळवली. गोतिए दोन पावलांवर उभे होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. म्हातारी बरळते, एवढं म्हटलं असतं तर काम झालं असतं. रिशिल्दनं त्यांच्याकडे बघितलं, आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच त्यांनी तिच्याकडे बघितलं. चेहरा तोच होता, फक्त म्हातारा झालेला.

"खरं आहे, फादर," गोतिए पुटपुटले. "मीच आणली होती."

मठाधिपतींचा श्वास तिच्या गालाला लागत होता. "काय हवंय तुला?"

"माझ्या गळ्यात दोर आहे. माझ्या पोटचं पोर संताचं आहे. संताचं माणूस राजाच्या हवाली करायचं म्हणजे काय, फादर? शँपेन मुलखात आपला छोटा मठ आहे, तिकडे राजाचा हुकूम चालत नाही. आत्ताच्या आत्ता धाडा त्याला. तो नदीवरचा पूल ओलांडून गेला की मी उठते. त्याआधी मला चौघांनी उचललं तरी उठायची नाही."

तेवढ्यात आन्सोचा बांध फुटला. त्याला यातलं अक्षर ऐकू आलं नव्हतं. त्याला एवढंच दिसत होतं की आई पडून आहे आणि तिचे पाय हलत नाहीत. त्यानं कारभाऱ्याच्या दोन माणसांना हिसडा दिला आणि तिच्या खांद्याशी येऊन गुडघ्यांवर कोसळला.

"म्हणतो मी!" तो ओरडला. "काय म्हणायचं ते म्हणतो! आई, तू ऊठ, मी म्हणतो, ही त्यानंच..."

रिशिल्द नुसती गप्प राहिली असती तरी पुरे होतं. एक वाक्य पुरं होऊ द्यायचं, पोरगा सुटला असता, घरापाशी राहिला असता, रोज कढणाला नावं ठेवायला आला असता. पण लोकांपुढे एकदा घडलेलं खोटं जन्मभर कसं वाहावं लागतं ते तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? आणि तिच्या खोट्यापायी तो हे ओझं घेत होता. तिनं हात वर करून त्याचं तोंड दाबलं.

"गप्प," ती म्हणाली. "जन्मात एकदा तरी गप्प बस."

त्यानं वाक्य तिथेच गिळलं. मठाधिपती सरळ उभे राहिले. माणूस हुशार होता. उगाच नाही एवढ्या मोठ्या मठाचा धनी झाला.

"ऐका!" ते म्हणाले. "संत रागावला आहे. त्याच्या माणसाचा न्याय आपण दुसऱ्याच्या हाती द्यायला निघालो होतो, म्हणून त्यानं या बाईला उठू दिलं नाही. हा तरुण संताच्या दासीचा मुलगा आहे. त्याला शिक्षा संताचा मठ देईल. शँपेनच्या मठात जन्मभर, इथे पुन्हा पाऊल नाही. निघा आताच!"

कारभारी काही बोलायला गेला, पण लोकांनी एकच गजर केला आणि त्याचं बोलणं त्यात बुडालं. इतक्या माणसांसमोर संताशी भांडायला तो काही येडा नव्हता.

दोन संन्याशांनी आन्सोला दंडाला धरून उठवलं. तो मागे बघत बघत गेला. "आई! पाय?" असं तो दारातून ओरडला. कारभारी तिच्या उशाशी उभा होता, तिला पायाचं बोट हलवून दाखवायचीही सोय नव्हती. आई दगडावर पडलेली, एवढंच बघून पोर गेलं.

रिशिल्द छताकडे बघत पडून राहिली. लोक गुडघे टेकून प्रार्थना पुटपुटत होते. खूप वेळानं पुलाकडून माणूस आला आणि मठाधिपतींच्या कानाशी लागला. त्यांनी तिच्याकडे बघून मान हलवली.

तिनं उठायला जोर केला. पाय आले नाहीत.

तिनं पुन्हा जोर केला. कमरेखाली काहीच नव्हतं, तापानंतरच्या त्या वर्षांसारखं. तिनं मान वर केली. वर दिसत होता तो गोतिएंचा चेहरा, घामानं डबडबलेला. पेटीबद्दल मठाधिपतींना कळलं होतं. लोकांना तिनं काही सांगितलं नव्हतं, पण आता ती उठली नाही तर मठाधिपती सगळा राग या म्हाताऱ्यावर काढणार होते, आणि तो काही आपल्या अंथरुणात मरणार नव्हता.

"बाई," ते कुजबुजले, "पुन्हा एकदा."

मेला बिचारा, असं तिच्या मनात आलं. आणि तिनं पेटी बाजूला सारली आणि ती उठली, एक गुडघा, मग दुसरा. भिंत जवळ नव्हती. लोकांनी मंदिर डोक्यावर घेतलं.

त्या दिवसापासून यात्रेकरूंची रांग दुप्पट झाली. पेरोनेल मेणबत्त्यांबरोबर गोष्टही विकायला लागली, आणि तिच्या गोष्टीत आन्सोच्या हातातले दोर आपोआप गळून पडायचे. रिशिल्द मात्र सांगेनाशी झाली. कुणी "मावशी, कसं झालं ते?" म्हटलं की म्हणायची, "गरम आहे तोवर खा." आन्सोची आठवण यायची तेव्हा ती हंडा घासायची, आणि हंडा कायम लख्ख असायचा.

पुढच्या उन्हाळ्यात गावाबाहेरच्या माळावर मोठी जत्रा भरली. शँपेनचा एक कापडवाला विचारत विचारत तिच्या दुकानाशी आला.

"पोथीनं उठवलेली रिशिल्द ती तुम्हीच का?"

"कढण हवंय का?"

"आन्सोचा निरोप आहे. तिकडे मुलांना शिकवतो. इकडे येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगतो, माझी आई बघून या. म्हणाला, मी निघालो तेव्हा ती दगडावर पडून होती." कापडवाला घुटमळला. "चालता येतं का, ते बघून यायला सांगितलंय."

रिशिल्दनं डाव हंड्यात ठेवला. चुलीला वळसा घालून ती बाहेर आली, हात पुसले आणि त्याच्यासमोर उभी राहिली. त्याला नीट दिसावं म्हणून तिनं झगा घोट्यापर्यंत वर उचलून धरला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिनं पुसलं नाही.

"सांगा त्याला, उभी आहे."

"कुणी उठवलं, असं विचारील तो."

"विचारीलच. गप्प बसेल तर माझा मुलगा कसला," रिशिल्द म्हणाली. "म्हणावं, उठवणाऱ्यानं नाव सांगितलं नाही."